कणगीतले इंजिन

शनिवार, १४ ऑक्टोबर २०२३. लुवुझी गाव, सरोवरकाठ, न्खाता बे जिल्हा.

आज सकाळपासून वारा नाही. सात वाजता इंजिन ग्लॅडिसच्या होडीवर चढवले. चौथ्या ओढीला सुरू झाले. खडकाच्या टोकापर्यंत दोनदा जाऊन आलो. इंजिनातून पाण्याची धार शेवटपर्यंत नीट पडत होती. दहा वाजता घरी आले, चहा घेतला आणि हा कागद लिहिला. दुपारी साक्षीदारांना वाचून दाखवला. त्यात दोन ठिकाणी बदल करावे लागले, म्हणून आता सगळा पुन्हा लिहून काढत आहे. साक्षीदार ओसरीवर उकडलेला कसावा खात बसले आहेत.

मी, एस्नाट म्होने, माहेरची लोंग्वे, वय अडुसष्ट, निवृत्त प्राथमिक शिक्षिका, कै. योटाम म्होने यांची विधवा, असे लिहून ठेवते की माझ्यामागे माझ्या मिळकतीची व्यवस्था या कागदाप्रमाणे व्हावी. हे मला कोणी सांगितलेले नाही व कोणी धाक घातलेला नाही. माझे डोके ठिकाणावर आहे. कालच सातवीच्या मुलांचे भागाकार तपासून दिले आणि त्यात नव्या मास्तरांच्या दोन चुका सापडल्या. याहून वेगळा दाखला माझ्याकडे नाही.

कलम १. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. माझ्या नवऱ्यानेही केले नव्हते. त्यामुळे काय होते ते मी पाहिले आहे. या कागदाची अंमलबजावणी ग्लॅडिस काउंडा हिने करावी. ती माझी जुनी विद्यार्थिनी, आता तीन मुलांची आई, आणि गेली अकरा वर्षे आरोग्य केंद्राची बोट चालवते. शाळेत तिचे अक्षर वाईट होते. ते अजून वाईट आहे, पण तिचा शब्द पक्का आहे.

कलम २. राहते घर, त्यातील भांडी, पलंग व शिवणयंत्र माझी मुलगी तावोंगा हिला. ती म्झुझूला नर्स आहे. तिने इथे येऊन राहावे असा माझा आग्रह नाही. वर्षातून एकदा येऊन छप्पर तेवढे पाहावे. बचतगटातील माझा वाटाही तिचाच. पुस्तके आणि भिंतीवरचे आफ्रिकेचा नकाशा असलेले कापड शाळेला. नकाशात दोन देशांची नावे जुनी आहेत, ती मी पेन्सिलीने सुधारली आहेत.

कलम ३. योटामच्या दफनानंतर तिसऱ्या दिवशी त्याचे चार धाकटे भाऊ घरी आले आणि छपराचे सहा पत्रे, पलंग, दोन जाळी व रेडिओ घेऊन गेले. थोरले दीर वायसन म्होने यांनी होडी नेली. तेव्हा अशी रीत होती. आता कायदा आहे. चौघांपैकी तिघे आता वारले. पत्रे अजून त्यांच्या मुलांच्या कोंबड्यांच्या खुराड्यावर आहेत, मी रोज पाण्याला जाताना पाहते. त्या पत्र्यांवरचा माझा हक्क मी सोडते. रेडिओवरचा सोडत नाही. त्यावर योटाम संध्याकाळी हवेचा अंदाज ऐकत असे.

कलम ४. माझ्या मिळकतीत होडीचे एक लहान इंजिन आहे. चार अश्वशक्तीचे, दोन स्ट्रोकचे, डोक्यावर टाकी असलेले, दोरी ओढून सुरू होणारे. योटाम आणि मी १९९४ साली ते मिळून घेतले. हे इंजिन सरोवराच्या तळाशी आहे असे मी बावीस वर्षे सांगत आले. ते खोटे होते. ते माझ्या मक्याच्या कणगीत होते.

९ जुलै २००१ रोजी योटाम पहाटे जाळी उचलायला गेला. सूर्य वर आला तसा म्वेरा सुटला. त्या महिन्यात हा दक्षिणेचा वारा सुटला की तीन दिवस थांबत नाही. तिसऱ्या दिवशी मी काठाने उत्तरेकडे चालत गेले. खडकापलीकडच्या वाळूवर होडी लागलेली होती. आत कोणी नव्हते. इंजिन फळीला घट्ट होते आणि वर उचललेले होते, पंखा पाण्याबाहेर. हे मी तेव्हा पाहिले. त्याचा अर्थ काय, असा प्रश्न मला बावीस वर्षांत पडला नाही. मुलांना मी आयुष्यभर ‘का’ विचारायला शिकवले.

त्या वेळी मनात एवढेच होते की होडी जाईल, पण इंजिन जाऊ देणार नाही. मी दोन्ही स्क्रू हाताने सोडले, इंजिन चितेंजेत, कमरेला गुंडाळायच्या कापडात, बांधून डोक्यावर घेतले, वर काटक्या रचल्या आणि डोंगरवाटेने घरी आले. पाण्याच्या भरल्या बादलीपेक्षा ते थोडेच जड होते. कणगीत, कणसांच्या खाली, आडवे ठेवले. मग जाऊन होडी सापडल्याचे सांगितले. दुसऱ्या दिवशी योटाम सापडला.

आता जे लिहिते ते या कागदाचे खरे कारण आहे.

गावात पेट्रोल तेव्हा एकाच दुकानात मिळे आणि ते वायसन भावोजींचे होते. ते रॉकेल मिसळतात असे लोक बोलत. कबरीपाशी मी म्हणाले, “भावोजी, तुमच्या रॉकेलाने त्याला मारलं. इंजिन वाऱ्यात बंद पडलं.” मी मोठ्याने बोलत नाही. त्या दिवशीही मोठ्याने बोलले नाही. पण बाकी सगळे गप्प होते, त्यामुळे मागच्या माणसालाही ऐकू गेले. वर्षभरात लोक पेट्रोल दुसरीकडून आणू लागले. दुकान बंद झाले. त्यांचा मुलगा गाव सोडून गेला. भावोजींना बावोच्या पटावर बसायला जोडीदार मिळेना, तेव्हा ते दोन्ही बाजूंनी एकटेच खेळत. खरे काय झाले ते ज्यात लिहिलेले होते ती वस्तू माझ्या कणगीत होती.

कलम ५. इंजिन पुन्हा कसे सुरू झाले ते लिहिते, म्हणजे पुढे ज्याच्या हाती ते जाईल त्याला समजेल.

ऑगस्टमध्ये कणगीचा एक खांब वाळवीने खाल्ला आणि कणगी कलंडली. ग्लॅडिस टेकू द्यायला आली. तिने वाकून पाहिले आणि म्हणाली, “बाई, तुमच्या कणगीला पंखा फुटलाय.”

तिने कणसे बाजूला केली. बराच वेळ पाहत राहिली. मग विचारले, “कोणाला माहीत आहे?”

“तुला.”

“बरं. मग आधी हे नीट करू. बोलायचं ते नंतर.”

मी दोरी ओढून पाहू का असे विचारले. दरवर्षी जुलैमध्ये माझ्या मनात हेच येई. ती ओरडलीच. “दोरीला हात लावू नका! आत काय चिकटलंय ते माहीत नसताना ओढलं तर जे धड आहे तेही तुटेल.” तिने प्लग काढला, आत बॅटरीचा उजेड टाकला आणि नाक जवळ नेले.

“यात काय घातलंत?”

“तेल. योटाम म्हणायचा, इंजिन बसून राहिलं की त्याला तेल पाजावं. दरवर्षी त्याच्या तारखेला एक चमचा घालत होते.”

“कसलं तेल?”

“शेंगदाण्याचं.”

तिने प्लग खाली ठेवला. “बाई, हे इंजिन आहे. मासा नाही.”

इंजिनाचे तेल आणायला गेले असते तर लोकांनी विचारले असते की इंजिन नसलेल्या बाईला ते कशाला. म्हणून स्वयंपाकाचे घातले. बावीस चमच्यांचा आत डिंक झाला होता. ग्लॅडिसने डिझेल आणि इंजिन ऑइल निम्मे निम्मे करून प्लगच्या भोकातून ओतले आणि नऊ दिवस तसेच ठेवले. मी रोज सकाळी वरचे जड चाक हाताने, जोर न लावता, हलते का पाहायची. सहाव्या दिवशी बोटभर हलले. नवव्या दिवशी पूर्ण फिरले. त्या दिवशी मी शाळेत शिकवायला असते तर सुट्टी दिली असती.

झाकणाखाली उंदराचे घरटे होते, मक्याच्या केसांचे आणि माझ्या जुन्या चितेंजेच्या चिंध्यांचे. वायरी मात्र त्याने कुरतडल्या नव्हत्या. टाकीत तपकिरी, चिकट, आंबट वासाचे काहीतरी उरले होते. मी विचारले, “हे रॉकेल आहे का?” ग्लॅडिस म्हणाली, बावीस वर्षांनी वासावरून ते कोणीही सांगू शकणार नाही. टाकी चुलीपासून लांब, आंब्याखाली नेऊन रिकामी केली. मूठभर बारीक खडे आणि थोडे पेट्रोल घालून खुळखुळवली, आणि पाणी स्वच्छ येते तसे पेट्रोल स्वच्छ येईपर्यंत पुन्हा पुन्हा धुतली. रबरी नळी वाकवताच तुटली, ती नवी घातली. कार्बोरेटरमध्ये पितळेचा एक भाग आहे, त्याचे भोक मुंगीच्या डोक्याएवढे. ते बुजले होते. मी सुई आणली. ग्लॅडिसने ती परत ठेवायला लावली, सुईने भोक मोठे होते आणि मग इंजिन जास्त पिते. जाळ्याचा नायलॉन दोरा घालून साफ केले. ठिणगी पाहायची ती पेट्रोलपासून दूर आणि सावलीत. ती निळी असावी. आमची आधी पिवळी होती. चाकाखालचे दोन लहान संपर्क बारीक पॉलिशपेपरने पुसले, तेव्हा निळी झाली.

इंजिनाच्या खालच्या, पाण्यात राहणाऱ्या पायात पाणी ओढणारे एक रबरी चक्र असते. त्याच्या पाकळ्या वाळून वाकलेल्या होत्या. नवे चक्र म्झुझूहून तावोंगाने पाठवले. बस, मग मासळीची बोट, असे ते तीन आठवड्यांनी आले. तोपर्यंत इंजिन एक क्षणही चालवायचे नाही असे ग्लॅडिसने बजावले. पाणी न ओढता चाललेले इंजिन दोन मिनिटांत आतून जळते. हे तीन आठवडे मला बावीस वर्षांपेक्षा लांब वाटले.

कलम ६. पायातील गिअरचे तेल दुधासारखे पांढरे निघाले, म्हणजे त्यात पाणी शिरले होते. का शिरले ते पाहण्यासाठी ग्लॅडिसने पंखा काढायला घेतला. पंखा धरून ठेवणाऱ्या टोपीला एक कुलपासारखी वाकवलेली तार असते. ती नव्हती. टोपी हाताने फिरली.

“ही कोणी सैल केली?” तिने विचारले.

मी केली नव्हती. कणगीत उंदराने केली नसेल.

पंखा बाहेर आला. त्यामागे जाळ्याचा नायलॉन घट्ट गुंडाळलेला होता आणि पंख्यातून आरपार जाणारी पितळेची पिन तीन तुकड्यांत कापलेली होती. ग्लॅडिसने समजावले. ही पिन मऊ ठेवतात, पंखा कशात अडकला तर ती तुटावी आणि गिअर वाचावेत म्हणून. ती तुटली की इंजिन मजेत चालते, फक्त पंखा फिरत नाही. मग इंजिन वर उचलून, होडीच्या मागे वाकून, टोपी काढून नवी पिन घालायची.

ती तुकडे तळहातावर घेऊन म्हणाली, “पेट्रोल खराब असतं तर काका वर, कार्बोरेटरशी झटले असते. पंख्याशी नाही. बाई, इंजिन बंद पडलं नव्हतं.”

वर उचललेले इंजिन मला आठवले. मी आत जाऊन पाणी प्यायले. मग बाहेर येऊन तिला सांगितले की पुढचे काम चालू ठेव.

कलम ७. मंगळवारी, १० तारखेला, इंजिन पाण्याने भरलेल्या पिंपात उभे केले आणि सुरू केले. तिसऱ्या ओढीला खोकले, मग शिंकले, मग लागले. निळा धूर आला. बाजूच्या भोकातून पाण्याची धार पडू लागली. ग्लॅडिस त्या धारेखाली हात धरून कोमट आहे का पाहत होती.

आमच्या काठावर कोणाचे इंजिन कोणते हे लोक आवाजावरून ओळखतात, हे मी विसरले नव्हते. पण बावीस वर्षांनी कोण ओळखणार असे वाटले होते. पाच मिनिटांत वायसन भावोजी काठी टेकत अंगणात आले. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. त्यांच्या काखेत एक फळी होती.

“हे योटामचं इंजिन आहे,” ते म्हणाले.

ग्लॅडिस म्हणाली, “कशावरून, आजोबा?”

“खोकतं, शिंकतं, मग चालतं. मला शिकवू नकोस.” मग माझ्या दिशेने वळून, “काय मास्तरीणबाई, बुडालं होतं ना हे?”

“नाही भावोजी. माझ्याकडे होतं.”

“ते मला माहीत आहे.”

त्यांनी फळी पुढे केली. ती आमच्या होडीची मागची फळी होती, जिच्यावर इंजिन बसते. होडी सडली तेव्हा त्यांनी ती कापून घेतली आणि दारामागे ठेवली. त्यांनी माझे बोट धरून फळीवरच्या दोन गोल खुणांवर फिरवले.

“पडलेलं इंजिन फळी ओरबाडून जातं. या खुणा गोल आहेत. कोणीतरी शांतपणे स्क्रू सोडले. होडी घरी नेली त्याच दिवशी मला कळलं.”

“मग बोलला का नाहीत? तुमचं नाव राहिलं असतं.”

“कोणापुढे बोलू? माझे चौघं भाऊ तुझ्या छपरावर चढून पत्रे काढत होते. इंजिन सापडलं असतं तर आठवड्यात विकून प्यायले असते आणि तुला चोर म्हणून हाकललं असतं. पोर नऊ वर्षांची होती. आणि दुसरं असं की, मला ते इंजिन उघडायला नको होतं.”

“का?”

“आत रॉकेल निघालं असतं तर? त्याच्या डब्यात मी मिसळलं नव्हतं. पण दुकानातल्या पिंपाच्या तळाशी काय होतं ते कोणी पाहिलंय? मीच ओतून दिलं होतं त्याला. बावीस वर्षं मलाही माहीत नाही.”

ग्लॅडिसने पिनचे तीन तुकडे त्यांच्या हातावर ठेवले. त्यांनी ते बोटांनी चाचपले, टोकाला टोक लावून पाहिले.

“पिन तुटली.”

“हो, आजोबा.”

“टोपी?”

“सैल होती. तार काढलेली होती.”

“म्हणजे मागे वाकला होता. वाऱ्यात.”

“हो.”

“इंजिन चालू होतं तोवर?”

“चालू होतं.”

त्यांनी हेच पुन्हा विचारले, आणि पुन्हा. तिन्ही वेळा ग्लॅडिसने तेच उत्तर दिले. मग ते उलट्या बादलीवर बसले आणि म्हणाले, “बंद कर गं ते आता. पिंपातलं पाणी तापलं असेल.”

मी त्यांची क्षमा मागितली. ते काय म्हणाले ते इथे लिहीत नाही. पिनचे तुकडे मी त्याच दिवशी त्यांना दिले. ते या मृत्युपत्रात मोजू नयेत.

कलम ८. हे बदललेल्या दोन कलमांपैकी पहिले. सकाळी मी असे लिहिले होते की इंजिन वायसन म्होने यांना मिळावे. दुपारी हे वाचत असताना त्यांनी मला थांबवले.

“साक्षीदाराला मृत्युपत्रातलं काही मिळतं का?”

“नाही. त्याला दिलेलं रद्द होतं. म्हणून तुम्हाला नुसतं ऐकायला बोलावलंय. सहीसाठी फिनियास आहेत, आणि दुसऱ्या कोणाला—”

“दुसरं कोणी नको. मी साक्षीदार.”

“भावोजी, इंजिन तुमचं आहे. निदान तेवढं—”

“मला दिसत नाही, बाई. मी ते थेट डोंगरावर चढवीन.”

फिनियास चिसाले, आमच्या चर्चचे वडील, यांना हसता हसता कसाव्याचा ठसका लागला. म्हणून आता असे लिहिते.

इंजिन, ती फळी आणि हत्यारांची पेटी ग्लॅडिस काउंडा हिच्या ताब्यात राहील. ते गावातल्या बाळंतिणींना आणि आजाऱ्यांना आरोग्य केंद्रापर्यंत नेण्यासाठी आहे. आरोग्य केंद्राची एक बोट अकरा गावांना पुरत नाही. इंजिन मासेमारीसाठी किंवा लग्नाच्या वऱ्हाडासाठी देऊ नये. विकू नये. म्होने घराण्यातील कोणी ते मागायला आले तर त्याला आधी रेडिओ आणायला सांगावे.

चालवण्याच्या अटी ग्लॅडिसने सांगितल्या, मी लिहिल्या. चालवणाऱ्याच्या मनगटाला बंद करण्याची दोरी बांधलेली असावी. माणूस पाण्यात पडला की दोरी सुटून इंजिन थांबते. ही दोरी ग्लॅडिसने नवी बसवली आहे, योटामच्या वेळी नव्हती. होडीतल्या प्रत्येकाच्या अंगात तरंगणारे जाकीट असावे, बाळंतिणीला सर्वांत आधी. इंजिनाला फळीपासून साखळी असावी. झाकणाखाली दोन जादा पिना, एक तार आणि पक्कड चिकटपट्टीने लावलेली असावी. पिन फक्त पितळेची. तिच्या जागी कोणीही खिळा घालू नये. पंचवीस भाग पेट्रोलला एक भाग इंजिनाचे तेल, आणि ते मिसळायचे किनाऱ्यावर, होडीत नाही. पाण्याची धार दिसली नाही तर लगेच बंद. म्वेरा असेल तर निघूच नये. आणि पिन तुटली तर आधी नांगर टाकावा किंवा वल्ही मारून काठाला लागावे. पाण्यावर मागे वाकून पंखा उघडू नये, माणूस कितीही घाईत असला आणि घरी कोणीही वाट पाहत असले तरी.

कलम ९. हे बदललेले दुसरे कलम. सकाळी मी लिहिले होते की माझ्या मृत्यूनंतर येणाऱ्या पहिल्या रविवारी कलम चार, सहा आणि सात चर्चमध्ये मोठ्याने वाचावीत, म्हणजे वायसन म्होने यांच्यावर मी ठेवलेला आरोप खोटा होता हे सर्वांना कळेल.

भावोजींनी विचारले, “तुझं वय काय?”

“अडुसष्ट.”

“माझं एकोणऐंशी. म्हणजे माझं नाव धुऊन निघेल तेव्हा मी कुठे असेन?”

या वेळी फिनियास हसले नाहीत.

मी म्हणाले, “मला लोकांत बोलता येत नाही, भावोजी.”

“पस्तीस वर्षं वर्गात बोललीस.”

“ती मुलं होती.”

“चर्चमध्ये तीच बसतात आता. म्हातारी होऊन.” मग त्यांनी हळू आवाजात सांगितले, “कबरीपाशी बोललीस ना. तेवढंच बोल. तितक्याच आवाजात.”

म्हणून हे कलम माझ्या मृत्यूची वाट पाहणार नाही. उद्या रविवार आहे. उपदेशानंतर मी उभी राहीन आणि पुढील वाक्य बोलेन: योटाम म्होने याचे इंजिन पेट्रोलमुळे बंद पडले नव्हते, त्याच्या पंख्याची पिन तुटली होती, वायसन म्होने यांचा त्यात काही दोष नाही, इंजिन माझ्याकडे होते आणि मी खोटे बोलले. आज रात्री माझा मृत्यू झाला तर हेच वाक्य फिनियास चिसाले यांनी वाचावे. मी जिवंत असूनही उभी राहिले नाही, तर ग्लॅडिसने मला उठवावे.

वरील सर्व मजकूर माझ्या हातचा आहे, दोघा साक्षीदारांना वाचून दाखवला आहे, आणि त्यांच्यादेखत, त्याच वेळी, त्याच ओसरीवर मी सही करीत आहे.

एस्नाट म्होने

साक्षीदार: फिनियास चिसाले, चर्चचे वडील, लुवुझी.

साक्षीदार: वायसन म्होने, पूर्वीचे दुकानदार, लुवुझी. डाव्या अंगठ्याचा ठसा. ओळ दिसत नसल्याने ठसा थोडा खाली आला आहे, तो ग्राह्य धरावा.

ठिकाण लुवुझी, दिनांक १४ ऑक्टोबर २०२३, दुपारी चार.

यापुढचे मृत्युपत्राचा भाग नाही.

साक्षीदार गेले. ग्लॅडिस होडी बांधायला गेली. मी इंजिनाच्या टाकीचा नळ बंद आहे ना ते पाहिले, टोपणावरचा हवेचा स्क्रू आवळला आणि इंजिन ओसरीच्या लाकडी दांड्यावर उभे टांगले, वाटेवरून येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असे. वर काही झाकले नाही. मग कणगीजवळची तेलाची बाटली घरात आणली. जुलैत आणली होती, एकच चमचा कमी झालेला. अजून उजेड होता. चूल पेटवली, कढईत ते तेल ओतले आणि त्यात संध्याकाळची उसिपा मासळी तळली.